कोड मर्ज करण्याआधी टेस्ट आणि रिव्ह्यू नेमका कधी करायचा?

कोडमध्ये केलेला बदल मुख्य ब्रांचमध्ये मिसळणं म्हणजे मर्ज. त्याआधी दोन चाळण्या असतात. टेस्ट म्हणजे कोड चालवून बघणं, आणि रिव्ह्यू म्हणजे तो दुसऱ्या कुणीतरी वाचणं. दोन्ही करावं हे सगळ्यांना माहीत असतं. गडबड होते ती 'कधी' या प्रश्नावर. माझीही झाली होती.

सुप्यातला अनुभव

पारनेर तालुक्यातल्या सुपा एमआयडीसीत एका कारखान्याचं गेटपासचं सॉफ्टवेअर आम्ही दोघं सांभाळायचो. वजनकाट्यावरून येणारं वजन प्रोग्रॅममध्ये किलोत होतं. सहकाऱ्याने ते टनात केलं आणि जिथे जिथे ते वापरलं होतं, तिथे दुरुस्तीही केली. त्याच आठवड्यात मी माझ्या ब्रांचवर एक नवी तपासणी लिहीत होतो: चलानवरचं आणि काट्यावरचं वजन जुळलं नाही, तर गेटपास निघणार नाही. माझा हिशोब अर्थातच किलोचा.

दोघांच्याही टेस्ट पास झाल्या. एकमेकांचा कोड आम्ही वाचला. बदल वेगवेगळ्या फाइलींत असल्यामुळे गिटनेही कॉन्फ्लिक्ट दाखवला नाही. मर्ज करून संध्याकाळी चालू केलं. 16 टनांचा ट्रक काट्यावर आला आणि माझ्या तपासणीने ते 16 किलो धरले! गेटपास अडला, मागे ट्रकांची रांग लागली. जुनं व्हर्जन परत टाकेपर्यंत गेटवरच्या लोकांनी पास हाताने लिहिले.

दोन्ही बदल सुटे बरोबर होते, एकत्र आल्यावर चुकले. गिट ओळी जुळवतं, अर्थ नाही. आणि एकत्र झालेला कोड आम्ही कधी चालवूनच बघितला नव्हता.

तेव्हापासूनचा आमचा क्रम

1. रिव्ह्यूला देण्याआधी टेस्ट. जी चूक मशीन दोन मिनिटांत पकडतं, ती शोधायला माणसाचा अर्धा तास घालवू नका.
2. टेस्ट पास झाल्यावर रिव्ह्यू. बदल छोटा ठेवा, वाचणारा नीट वाचतो. रचनाच बदलणार असाल, तर मात्र कोड लिहिण्याआधीच बोलून घ्या.
3. रिव्ह्यूनंतर काही बदललं, तर पुन्हा टेस्ट. 'एकच ओळ बदलली' हे कारण चालत नाही.
4. मर्जच्या तोंडावर शेवटची टेस्ट. मुख्य ब्रांचमधलं ताजं सगळं आपल्या ब्रांचमध्ये घ्या आणि मग चालवा. आमची हीच पायरी राहिली होती. गिटहबवर ब्रांच अद्ययावत असल्याशिवाय मर्जच होऊ न देण्याचं सेटिंग आहे, ते चालू ठेवा.

रिव्ह्यू झाला म्हणजे झालं का?

नाही. ओपनएसएसएलमधला 'हार्टब्लीड' हा दोष आठवा. डिसेंबर 2011 च्या शेवटी तो बदल मर्ज झाला, तोही रिव्ह्यू होऊन. समोरचा संगणक 'माझा मजकूर इतका लांब आहे' असं सांगतो, तो आकडा खरा आहे का हे कोड तपासतच नव्हता. त्यामुळे सर्व्हरच्या मेमरीतला 64 केबीपर्यंतचा तुकडा एका वेळी बाहेर जाऊ शकत होता. हे एप्रिल 2014 मध्ये जगासमोर आलं. मुद्दाम खोटा आकडा देणारी एक टेस्ट असती, तर ते तेव्हाच दिसलं असतं. वाचणाऱ्याच्या नजरेतून 'नसलेली ओळ' सहज सुटते. उलट, चुकीचीच गरज गृहीत धरून लिहिलेली टेस्ट आनंदाने पास होते. तिथे माणूसच लागतो.

प्रत्येक बदलाला इतकं सगळं?

मी दोन प्रश्न विचारतो. चुकलं तर कोणाचं काम अडेल? आणि बदल मागे घेता येईल का? स्क्रीनवरचं शुद्धलेखन सुधारलं असेल, तर टेस्ट आणि एक धावती नजर पुरे. पैसे, वजन, लॉगिन किंवा डेटाबेसची रचना बदलत असेल, तर चारही पायऱ्या, घाई असली तरी. डेटा एकदा चुकीचा साठला की जुना कोड परत टाकून तो दुरुस्त होत नाही.

रात्री सिस्टीम बंदच पडली असेल, तर आधी जुन्या व्हर्जनवर जा. घाईत दुरुस्ती करावीच लागली, तर रिव्ह्यू सकाळी चालेल, पण टेस्ट न करता पुढे जाऊ नका. आणि संध्याकाळी घरी जाता जाता मर्ज तर नकोच. ते मी गेटवर उभा राहून शिकलोय.