काटे मोजले, दार राहिले

एका मिलिमीटरचे पंचवीस भाग केले, तर त्यातल्या एका भागात मावेल एवढा एक गोल. अंगावर काटे आणि काट्यांच्या टोकांना फाटे. शास्त्रीय नाव स्पिनिफेराइटिस रामोसस. म्हणजे काटे वागवणारा, फांद्याफांद्यांचा. हा जीवाश्म १८३६पासून अभ्यासकांच्या डोळ्यांसमोर आहे. पण तो नेमका काय आहे, हे ठरायला १९६१ साल उजाडले. मधली सव्वाशे वर्षे कशात गेली, याचा शोध घेताना मला माझीच एक चूक सापडली. तिच्याकडे शेवटी येतो.

बर्लिनचे क्रिस्टियान गॉटफ्रीड एरेनबर्ग हे सूक्ष्मदर्शकाखालच्या जगाचे त्या काळातले मोठे जाणकार. युरोपातल्या खडूच्या थरांत चकमकीच्या दगडाचे गोळे सापडतात. त्यांच्या पातळ कपच्यांतून प्रकाश आरपार जातो. १८३६मध्ये अशा कपच्यांत एरेनबर्गना दोन प्रकारचे जीव दिसले. काहींच्या अंगावर पट्टिकांचे चिलखत होते आणि मध्यभागी कमरपट्ट्यासारखी खाच. हे आजच्या समुद्रातल्या डायनोफ्लॅजेलेट या एकपेशीय जीवांचे नातेवाईक, हे त्यांनी बरोबर ओळखले. कोकण किनाऱ्यावर काही रात्री लाटा निळसर उजळतात, ती करामत करणारा नॉक्टिल्युका याच गटातला. चकमकीतल्या अशा एका जीवाला एरेनबर्गनी पायरोफोरम, म्हणजे अग्निवाहक, असे नाव दिले.

दुसरा प्रकार काटेरी गोलांचा. गोड्या पाण्यातल्या झँथिडियम या हिरव्या शैवालालाही काटे असतात. त्या साम्यावरून एरेनबर्गनी हे गोल झँथिडियममध्ये घातले. एकाच दगडातले शेजारी अशा रीतीने दोन वेगळ्या घराण्यांत गेले.

पहिली हरकत घेतली ती ससेक्समधल्या एका डॉक्टरने. इग्वानोडॉन या डायनासोरला १८२५मध्ये नाव देणारे गिडियन मॅन्टेल हेच ते. रुग्ण सांभाळून दगड गोळा करणारा हा माणूस. हे गोल म्हणजे झँथिडियम नव्हेत, असे त्यांचे मत होते. म्हणून १८५०मध्ये त्यांनी स्पिनिफेराइटिस हे वेगळे नाव सुचवले. ते पुढे मागे पडले. १९३३मध्ये जर्मनीच्या ओटो वेट्झेल यांनी हिस्ट्रिकोस्फेरा हे नाव रूढ केले. ग्रीक 'हिस्ट्रिक्स' म्हणजे साळिंदर. मग जे जे गोल आणि काटेरी, ते ते या साळिंदरांच्या गोतावळ्यात जाऊ लागले. कुणाला ती सागरी प्राण्यांची अंडी वाटली, कुणाला आणखी काही. बेल्जियमच्या मारिया लेजन यांनी १९३७मध्ये याच जातीवर निबंध लिहिला. हा जीवाश्म जुन्या ओळखीचा असूनही अनोळखीच राहिला आहे, असे त्यांनी शीर्षकातच म्हटले होते.

आता तो गोल जरा जवळून पाहू. काटे वाटेल तिथे उगवलेले नाहीत. त्यांच्या बुडांना जोडणाऱ्या बारीक कडा आहेत आणि त्या कडांनी सगळा पृष्ठभाग फरशीसारखा चौकटींत विभागला आहे. जिथे तीन चौकटींचे कोपरे मिळतात, तिथल्या काट्याला तीन फाटे. दोन कोपऱ्यांच्या मधे, दोनच चौकटींच्या सीमेवर, काटा असेल तर त्याला दोन. मध्यावरून एक पट्टा जातो, पण त्याची दोन टोके एका पातळीवर मिळत नाहीत. मळसूत्रासारखी खालीवर राहतात. डायनोफ्लॅजेलेटच्या चिलखताची रचना नेमकी अशीच असते.

आणि एक भोक असते. ते पूर्वीच्या अभ्यासकांनाही दिसले होते. विल्यम एव्हिट यांनी मात्र त्याच्यावरच लक्ष केंद्रित केले. ते मूळचे ट्रायलोबाइटचे अभ्यासक, तेव्हा तेल उद्योगात संशोधक होते. थरांचे वय ठरवायला तेलवाल्यांना असे सूक्ष्म जीवाश्म फार उपयोगी पडतात. एव्हिटनी दाखवले, की या भोकाला ठरावीक आकार आहे आणि ठरावीक जागा: पट्ट्याच्या लगेच वरच्या ओळीत, पाठीच्या बाजूला, बरोबर एका चौकटीएवढे. भांडे फुटते तेव्हा कुठेही फुटते. इथे दर वेळी तीच चौकट निघालेली. म्हणजे ही फूट नव्हे, हे दार. १९६१च्या लेखात त्यांनी त्याला आर्किओपाइल हे नाव दिले.

दार म्हटले की आतून कुणीतरी बाहेर पडले असणार. काटेरी गोल हा स्वतंत्र जीव नव्हता. डायनोफ्लॅजेलेटने विश्रांतीसाठी बांधलेला कोश होता. चिलखत गळून जाते, कोश तळाशी बसतो, योग्य वेळ येताच पेशी दार ढकलून निघून जाते. कोशाची भिंत इतकी चिवट असते, की खडक हायड्रोफ्लोरिक आम्लात विरघळवला तरी ती उरते. त्याच दशकात अमेरिकेतल्या वुड्स होल इथे डेव्हिड वॉल आणि बॅरी डेल यांनी समुद्रतळाच्या गाळातले जिवंत कोश उबवले. स्पिनिफेराइटिसच्या कोशातून गोनियोलॅक्स हा डायनोफ्लॅजेलेट बाहेर आला. मागे उरले रिकामे, दार उघडे असलेले टरफल. एरेनबर्गने चकमकीत पाहिलेली, तीच घडण.

पुढे विल्यम सार्जंट यांनी १९७०मध्ये या प्रजातीची फेरमांडणी केली. हिस्ट्रिकोस्फेरा मागे पडले आणि डॉक्टर मॅन्टेल यांचे जुने नाव परत आले.

आता माझी चूक. या विषयाचे शिक्षण मी कुठल्या वर्गात घेतलेले नाही. छापील आकृत्या वहीत उतरवत शिकलो. स्पिनिफेराइटिसची पहिली आकृती उतरवताना मी काटे मोजले, फाटेही मोजले. भोक मला तुटलेला भाग वाटला. म्हणून पेन्सिलीने ती कड जोडून गोल पुरा केला. एव्हिटचे म्हणणे वाचल्यावर ती वही काढून पाहिली. ज्या खुणेवर सव्वाशे वर्षांचे कोडे सुटले, तीच मी दुरुस्ती समजून बुजवली होती. ते पान मी खोडलेले नाही. नवी आकृती समोरच्या पानावर आहे, दारासकट.