मणक्यांचा जंतुसंसर्ग : प्रौढांमध्ये वाढते प्रमाण

मणक्याच्या हाडाला आणि दोन मणक्यांमधील चकतीला होणारा जंतुसंसर्ग हा तसा विरळा आजार. मात्र १९९० च्या दशकापासून अनेक देशांत प्रौढांमध्ये त्याचे प्रमाण वाढत गेल्याचे आढळते. डेन्मार्कच्या फ्यून भागात १९९५ साली दर लाख लोकसंख्येमागे २.२ रुग्ण सापडत; २००८ पर्यंत हा आकडा ५.८ वर गेला. जपानमध्ये २००७ ते २०१० या काळात तो ५.३ वरून ७.४ झाला.

या वाढीत वयाचा वाटा मोठा आहे. फ्रान्समधील २००२-०३ च्या पाहणीत विशीच्या आतील वयोगटात हे प्रमाण लाखामागे ०.३, तर सत्तरीपुढे ६.५ होते. वाढलेले आयुर्मान, मधुमेह, डायलिसिस, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे आणि मणक्यांवरील शस्त्रक्रिया ही त्यामागची प्रमुख कारणे होत. एमआरआय तपासणीमुळे पूर्वी निसटणारे रुग्णही आता नोंदले जातात.

स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा यातील सर्वाधिक आढळणारा जंतू. त्वचा, मूत्रमार्ग किंवा हृदयाच्या झडपेतील संसर्ग रक्तावाटे मणक्यापर्यंत पोहोचतो. भारतात मात्र क्षयरोग हे आजही मोठे कारण आहे. पर्सिव्हल पॉट या ब्रिटिश शल्यविशारदाने १७७९ साली वर्णिलेला हा विकार त्याच्याच नावाने ओळखला जातो. हाडांच्या क्षयापैकी सुमारे निम्मा मणक्यांत होतो आणि जगातील क्षयरुग्णांपैकी जवळपास एक चतुर्थांश भारतात आहेत. मधुमेहींची वाढती संख्या पाहता येथे दोन्ही प्रकारच्या संसर्गांचा धोका संभवतो.

खरी अडचण निदानातील विलंबाची आहे. पाठदुखी सर्वांनाच परिचित. त्यातच अनेक रुग्णांना ताप नसतो आणि सुरुवातीचा एक्स-रेही निर्दोष दिसतो. विश्रांतीनेही न थांबणारी, रात्री वाढणारी पाठदुखी, वजनातील घट, भूक मंदावणे ही लक्षणे दुर्लक्षू नयेत. पायांतील शक्ती कमी होणे किंवा लघवीवरील ताबा सुटणे ही तातडीची अवस्था समजावी.

ईएसआर, सीआरपी, रक्तातील जंतूंची तपासणी व एमआरआय यांवरून निदानाची दिशा ठरते. प्रकृती स्थिर असल्यास जंतूची ओळख पटण्याआधी प्रतिजैविके सुरू न करणे हिताचे. अन्यथा जंतू सापडणे कठीण होते. साध्या जीवाणूंच्या संसर्गाला बहुधा सहा आठवडे, तर क्षयाला वर्षभर वा अधिक काळ उपचार लागतात. वेळीच उपचार झाल्यास कायमचे अपंगत्व बहुतांशी टळू शकते.