नामांकित भागांचा निवाडा आणि अपूचा आवाज

दीर्घकाळ चालणाऱ्या कलाकृतीतील सर्वोत्तम अंश कोणते, हा प्रश्न वरकरणी रसिकांच्या आवडीनिवडीचा वाटतो. वस्तुतः तो इतिहासाचाही प्रश्न होय. निवड कोणी, केव्हा आणि कोणत्या निकषावर केली हे पाहिले म्हणजे निवडणाऱ्या समाजाचीही ओळख पटते. ‘द सिम्प्सन्स’ ही अमेरिकन विनोदी कार्टून-मालिका या दृष्टीने अभ्यसनीय आहे. मॅट ग्रेनिंग यांनी निर्मिलेले हे कुटुंब १९८७ मध्ये दूरचित्रवाणीवर लहान चित्रफितींतून अवतरले; १७ डिसेंबर १९८९ पासून फॉक्स वाहिनीवर त्याची स्वतंत्र मालिका सुरू झाली व ती अद्याप चालू आहे.

या मालिकेच्या नामांकित भागांपैकी बहुतेक १९९० ते १९९७ या काळातील आहेत. कोनन ओब्रायन यांनी लिहिलेल्या, १४ जानेवारी १९९३ च्या भागात एक भामटा साऱ्या गावाला निरुपयोगी मोनोरेल विकतो. ११ मार्च १९९३ च्या भागात कामगारांच्या दंतचिकित्सेची सवलत काढून घेतली जाते आणि होमर संघटनेचा पुढारी बनतो. लोकांचा भाबडेपणा आणि मालकांचा लोभ यांवरील हा उपहास प्रेक्षकांना झोंबला नाही. कारण हसणारा व हसला जाणारा एकाच समाजातील होता. कोकणच्या दशावतारातील संकासुर मालवणी बोलीत हशा पिकवतो, तेथेही हेच नाते असते.

अपू या भारतीय दुकानदाराच्या बाबतीत मात्र हे नाते तुटते. सत्यजित राय यांच्या चित्रत्रयीतील नायकावरून त्याला नाव मिळाले; आवाज मात्र हँक अझारिया या गौरवर्णीय नटाने, अतिरंजित भारतीय उच्चारांत दिला. ५ मे १९९६ रोजी प्रसारित झालेला अपूविषयक भाग नामांकितांत गणला जातो. अस्वलांच्या बंदोबस्तासाठी वाढवलेल्या करावरून लोक खवळताच नगराध्यक्ष त्याचे खापर बेकायदा स्थलांतरितांवर फोडतो, आणि त्यांना हाकलण्याचा प्रस्ताव मतास टाकला जातो. कॅलिफोर्नियात १९९४ मध्ये संमत झालेल्या ‘प्रस्ताव १८७’ ची छाया येथे स्पष्ट दिसते. व्हिसाची मुदत संपलेला अपू प्रथम खोटी कागदपत्रे मिळवतो, मग ती लाज वाटून टाकून देतो व नागरिकत्वाच्या परीक्षेस बसतो. यादवी युद्धाची कारणे विचारली असता तो त्यांची गुंतागुंत उलगडू लागतो. परीक्षक त्याला मध्येच थांबवून ‘गुलामगिरी’ एवढेच उत्तर देण्यास सांगतो. नवागताला देशाचा इतिहास रहिवाशांहून अधिक ठाऊक आहे, हा त्यातील मर्मभेद होय.

म्हणजे कथेचा कौल अपूच्या बाजूने, परंतु त्याचा आवाज परकीय, असा हा अंतर्विरोध आहे. हरी कोंडाबोलू या भारतीय वंशाच्या विनोदकाराने २०१७ मधील आपल्या माहितीपटात तो उघड केला. कोंडाबोलू स्वतः या मालिकेचे चाहते. परंतु त्या आवाजाची नक्कल करून शाळेत व रस्त्यात कसे हिणवले जाई, हे त्यांनी व दक्षिण आशियाई वंशाच्या इतर कलावंतांनी सांगितले. पूर्वी जे निरुपद्रवी मानून वाखाणले गेले ते आता आक्षेपार्ह ठरते, त्याला काय करावे, अशा आशयाचे उत्तर मालिकेने ८ एप्रिल २०१८ च्या भागात दिले. अखेर जानेवारी २०२० मध्ये अझारिया यांनी अपूला आवाज देणे थांबवल्याचे जाहीर केले.

मालिकेच्या त्या उत्तरातील ‘पूर्वी निरुपद्रवी’ हे गृहीतक इतिहासदृष्ट्या सदोष आहे. ज्यांना उपद्रव होत होता ती स्थलांतरितांची मुले होती, आणि भागांची प्रतवारी लावणाऱ्यांत त्यांची गणना नव्हती. साधनांतील मौनाला संमती समजण्याची ही चूक इतिहासलेखनास नवी नाही. म्हणून १९९६ चा तो भाग नामावळीतून वगळणे जितके अनुचित, तितकेच त्याचे मोठेपण निर्विवाद मानणेही अनुचित होय. स्थलांतरितांचा कैवार त्यांना बोलू न देता घेता येतो, अशी त्या काळच्या उदार मनाची समजूत होती. तो भाग त्या समजुतीचा पुरावा म्हणून वाचला, तरच त्याच्या कीर्तीचा अर्थ लागतो.