स्टाउट, गुत्ता आणि परवाना

मुंबईतील मद्यपानाचा विचार आजवर प्रामुख्याने महसूल, कायदा व नीती या तीन अंगांनी झालेला आहे. चवीचे अंग त्यात उपेक्षित राहिले. या उपेक्षेची कारणे मुंबईच्या मराठीतील मद्यविषयक शब्दांतच सापडतात. आयर्लंडच्या धर्तीची जहाल स्टाउट बिअर ही त्यांच्या तपासणीस चांगली कसोटी होय.

अठराव्या शतकात लंडनमध्ये पोर्टर नावाची काळसर बिअर लोकप्रिय झाली. तिच्या जोरकस प्रकारास ‘स्टाउट’, म्हणजे दणकट, असे विशेषण लावीत. पुढे विशेषणाचेच नाम झाले. आर्थर गिनेस याने डब्लिनमध्ये १७५९ साली कारखाना घेतला, आणि १८१७ साली डॅनिअल व्हीलर याने मोड आणलेले जव काळे होईपर्यंत भाजण्याच्या यंत्राचे पेटंट मिळविले. स्टाउटच्या आजच्या रंगाचा व कडवटपणाचा पाया या भाजणीत आहे. कंपनीच्या गोऱ्या फौजांसाठी पोर्टर जहाजांतून हिंदुस्थानात येत असे. तथापि परळ-लालबागच्या गिरणगावातील कामगाराचे पेय माडी, ताडी किंवा मोहाची दारू हेच राहिले.

या देशी पेयांभोवतीचे शब्द पाहावेत. ‘दारू’ हा मूळ फारसी शब्द. त्याचा अर्थ औषध. ‘आबकारी’ हाही फारसीच. मद्य गाळण्याच्या धंद्याचे हे नाव पुढे त्यावरील कराचे झाले. ‘गुत्ता’ म्हणजे मक्ता. मराठवाड्यात ठेकेदारास आजही गुत्तेदार म्हणतात. दारू विकण्याचा हक्क सरकार मक्त्याने देत असल्यामुळे मक्त्याचे नाव दुकानास चिकटले. ‘बेवडा’ ही दोनदा गाळलेली दारू. पुढे तो शब्द पिणाऱ्यास लागला. १८७८ च्या मुंबई आबकारी कायद्याने व १८९२ च्या मोह कायद्याने ही सरकारी पकड अधिक घट्ट केली. सारांश, औषध, कर, मक्ता आणि गाळणी यांची नावे झाली. जिभेला काय लागते याचे नाव झाले नाही.

दारूबंदीने या प्रवृत्तीवर शिक्कामोर्तब केले. मुंबई शहरात १ ऑगस्ट १९३९ रोजी बंदीचा पहिला प्रयोग सुरू झाला. १९४९ च्या अधिनियमाने ती प्रांतभर आली. फ्राम नसरवानजी बलसारा यांनी व्हिस्की, ब्रँडी व बिअर यांबरोबरच औषधी वाइन आणि कोलनवॉटर बाळगण्याचा हक्क न्यायालयात मागितला. १९५१ साली सर्वोच्च न्यायालयाने बंदी सामान्यतः ग्राह्य धरली, परंतु मद्यार्कयुक्त औषधे व प्रसाधने तिच्यातून वगळली. पुढे बंदी सैल झाली, तरी अधिनियम राहिला. पिण्याचा वैयक्तिक परवाना आजही आरोग्याचे रक्षण व जतन यांसाठी दिला जातो. ‘दारू’चा फारसी अर्थ असा शासकीय कागदावर परत आला. कायद्याच्या दृष्टीने पिणारा हा रोगी, करदाता वा अपराधी. रसज्ञ म्हणून त्याची गणना नाही.

१९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक बंद पडत गेल्या, आणि २०१३ साली लोअर परळच्या मथुरादास मिलच्या आवारात जागीच बिअर तयार करणारे मद्यगृह सुरू झाले. बिअरच्या प्रकारांची व चवींची चर्चा शहरात वाढली, परंतु तिची भाषा इंग्रजी राहिली. वास्तविक स्टाउटच्या परीक्षणास लागणारे शब्द मराठी स्वयंपाकघरात सिद्ध आहेत. उत्तम स्टाउट खरपूस असते, करपट नसते. भाकरी भाजणाऱ्या कोणासही हा भेद समजावून सांगावा लागत नाही. प्रथम कोऱ्या कॉफीसारखा कडवटपणा, मागून किंचित आंबूसपणा, शेवटी घशाशी तुरटपणा, असा तिचा क्रम असतो. निर्यातीच्या जहाल प्रकारात मद्यार्काचे प्रमाण साडेसात टक्क्यांच्या आसपास असून त्याची ऊब व काकवीसारखी गोडी वेगळी ओळखता येते. फार थंड केल्यास हे सारे भेद बुजतात.

अर्थात शब्दसंपत्तीचा अभाव हे या मौनाचे कारण नव्हे. गुत्त्याने मद्यास महसूल ठरविले, परवान्याने औषध ठरविले, आणि चवीबद्दल बोलणे मराठीत अप्रशस्त होऊन बसले. ज्या पेयाविषयी केवळ ‘चढते किती’ एवढेच विचारता येते, त्याच्या बाबतीत मर्यादेचा विवेकही भाषेत रुजत नाही. ‘खरपूस’ आणि ‘करपट’ यांतील अंतर ओळखणारी भाषा हा विवेक करण्यास समर्थ आहे. तिला तसा प्रसंग मात्र दीर्घकाळ मिळाला नाही.