पडत्या काळातील सोबत

१९२८ ते १९५६ या काळात भारताने ऑलिंपिक हॉकीची सहा सुवर्णपदके ओळीने जिंकली. आम्हां हॉकीवेड्यांना ती वडिलोपार्जित इस्टेटच वाटू लागली. पुढे १९७६ साली माँट्रियलला कृत्रिम मैदान आले. गवतावर कमावलेले कसब तेथे अपुरे पडले व संघ सातवा आला. २००८ साली तर ऑलिंपिकचे दारच बंद झाले आणि २०१२ साली लंडनला सहाही सामने गमावून संघ बारावा, म्हणजे शेवटचा ठरला.

अशा वेळी प्रेक्षकाने काय करावे? ध्यानचंदांच्या नावाने उसासे टाकणे सोपे होते. अवघड होते ते नव्या मुलांचा खेळ आजच्या मापाने मोजणे. २०१६ साली रिओतील आठव्या क्रमांकात ज्यांनी चार पायऱ्यांची चढण पाहिली, तेच खरे सोबती.

२०२१ साली टोकियोला १-३ अशा पिछाडीवरून संघाने जर्मनीला ५-४ असे हरविले. ४१ वर्षांनी पदक आले, तेही कांस्य. सुवर्णाला सोकावलेल्या आम्हांला त्या कांस्याने डोळे पुसावे लागले. संघाबरोबर आम्हीही नव्याने घडलो होतो.