दुखत नाही, हीच भीती

सर्जिकल वॉर्डात ३० वर्षं ड्रेसिंग केलं. "सिस्टर, दुखत तर नाही!" हे रोजचं. एका मधुमेही आजोबांची चप्पल उलटी केली, तर तळातून खिळा वर आलेला. टाचेत भोक पडून पू धरलेला, आणि पाय बधिर, त्यांना पत्ता नाही.

१९२२ मध्ये टोरंटोत इन्सुलिन आलं. मधुमेही जगू लागले, तेव्हा पायांचा प्रश्न उभा राहिला. बोस्टनच्या डॉ. इलियट जॉस्लिन यांनी १९३४ मध्ये मधुमेही गँगरीनच्या धोक्यावर लिहिलं. पाय धुवा, कोरडे करा, रोज बघा, हा त्यांचा आग्रह. तेव्हा पेनिसिलिन अजून वापरात नव्हतं.

रक्तपुरवठ्याबाबत मात्र एक समज हटता हटेना: पावलातल्या बारीक वाहिन्याच बुजतात, मग उपाय काय? कापा. १९८४ मध्ये लोगेर्फो आणि कॉफमन या डॉक्टरांनी तो समज खोडून काढला. अडथळा बहुधा गुडघ्याखालच्या धमन्यांत असतो. पावलावरची धमनी पुष्कळदा मोकळी असते, तिला बायपास जोडता येतो. त्या एका समजुतीपायी किती पाय गेले असतील!

बधिर पायाची उकल वेल्लोरला झाली. डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरोग्यांत पाहिलं, की पाय झडत नाही, न जाणवणाऱ्या दाबाने झिजतो. पुढे अमेरिकेत कार्व्हिलच्या कुष्ठरोग रुग्णालयात त्यांनी तेच ज्ञान मधुमेहींसाठी वापरलं: प्लास्टर, मऊ तळाची पादत्राणं.

मी मात्र पेशंट आला की आधी त्याची चप्पल झटकायची.