नाणेघाटातली राणी आणि आपल्या लेकींची सहल



दिवाळीची सुट्टी संपली की शाळांच्या सहली सुरू होतात. शाळेतून चिठ्ठी घरी येते आणि कितीतरी घरांत ठरतं, "पोराला जाऊ दे, पोरीचं पुढच्या वर्षी बघू." म्हणून आज आम्ही अशा एका जागेचा इतिहास सांगणार आहोत, जिथं प्रत्येक लेकीनं एकदा तरी उभं राहावं. ती जागा म्हणजे पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर तालुक्यातला नाणेघाट.

कोकणातून देशावर चढणारी ही फार जुनी वाट. सुमारे 2,000 वर्षांपूर्वी सोपारा आणि कल्याण बंदरांत उतरलेला माल याच वाटेनं जुन्नरला आणि पुढं पैठणकडं जायचा. माथ्यावर एक मोठा दगडी रांजण आहे. व्यापारी जकातीची नाणी त्यात टाकायचे, असं पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत.

घाटातच सातवाहन राजांचं लेणं आहे. मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती कोरल्या होत्या. आज मूर्ती राहिल्या नाहीत, पायांच्या खुणा आणि वर कोरलेली नावं तेवढी आहेत. त्यातलं एक नाव राणी नागनिकेचं. ती महारठी घराण्यातली लेक आणि सातकर्णी राजाची राणी. राजा गेल्यावर मुलं लहान असताना तिनं राज्यकारभार पाहिला, असं बरेच अभ्यासक मानतात.

बाजूच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत मोठा लेख आहे. भाषा प्राकृत, म्हणजे आपल्या मराठीच्या आजी-पणजीची. त्यात महिना-महिना उपवास करणाऱ्या, घरात राहून तपस्विनीसारखं जगणाऱ्या राणीचं वर्णन येतं. मग येतात यज्ञ आणि त्यांत दिलेली दानं. एका ठिकाणी 11,000 गायी आणि 1,000 घोडे दिल्याची नोंद आहे. आपल्या देशात आकडे लिहिल्याचे जे सर्वांत जुने पुरावे आहेत, त्यांत हा लेख मोडतो. बचत गटाची वही आपण जपून ठेवतो ना? तसा एका बाईच्या दानाचा हिशोब इथं दगडात टिकून राहिला आहे.

या डोंगरांत दुसरीही शाळा आहे, ती रानाची. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात महादेव कोळी कुटुंबं हिरडा गोळा करतात. कोवळा बाळहिरडा कधी तोडायचा, कसा वाळवायचा, हे तिथल्या बायांना पाठ असतं. देवराईतलं लाकूड तोडायचं नाही, हा नियमही गावानंच घातलेला. त्यामुळे आजूबाजूचं रान गेलं तरी कितीतरी ठिकाणी देवराई आणि तिच्यातला पाण्याचा झरा राहिला. शेजारच्या भीमाशंकरच्या जंगलात शेकरू दिसतं, तो आपला राज्यप्राणी. आणि खाली उसाच्या फडात बिबट्याची मादी पिल्लं वाढवते. अंधार पडताना एकटं जायचं नाही, फडाच्या कडेला वाकून बसायचं नाही, हे मुलींनी भीतीपोटी नाही, तर समजून शिकायला हवं.

म्हणून सहलीची चिठ्ठी आली की शाळेत जाऊन विचारा: सोबत बाई शिक्षिका आहेत का? पाण्याची, शौचालयाची सोय काय? मुलींची पाळी आली तर तयारी आहे का? रानाची माहिती द्यायला गावातली जाणती बाई बोलावता येईल का? पैशाची अडचण असेल तर गटात बोला. बियाण्याला, आजारपणाला आपण उसनं देतोच, तसं सहलीलाही देता येईल.

नाणेघाट लांब असेल, तर आपल्या तालुक्यातली देवराई, बारव, जुना किल्ला आहेच. मुलींना तिथं न्या. लेण्यावर नाव कोरायचं नाही, प्लास्टिक परत आणायचं, एवढं आधी सांगा.

आणि लेक परत आली की रात्री जेवताना तिला बोलू द्या. काय पाहिलं, ते तिच्या तोंडून सगळ्या घरानं ऐकावं.